कोड्यांचा अड्डा जमवायचा असेल तर

माणसं पाच-सहाच बोलवा. आठ-दहा झाली की दोघं बोलतात आणि बाकीचे नुसते पोहे खातात. त्यातही सगळी एका छापाची नकोत. नुसते इंजिनिअर गोळा केले तर कोडं पुरतं वाचून व्हायच्या आत लॅपटॉप उघडतात. नुसते गणिताचे मास्तर जमवले तर सिद्धता नीट मांडली की नाही यावरच दुपार होते. नागपूरच्या प्रतापनगरला आमच्या वरांड्यात रविवारी जे टोळकं बसतं, त्यात एजी ऑफिसातून (सरकारी हिशेब तपासणारं महालेखापालांचं ऑफिस) रिटायर झालेले एक काका आहेत, ज्यांची बेरीज खालून वर तपासायची सवय अजून सुटलेली नाही. एका शाळेतल्या गणिताच्या बाई आहेत, व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारी दोन पोरं आहेत, समोरच्या घरातला नववीतला पोट्टा आहे आणि मी. मी मिहानमध्ये, म्हणजे आयटी कंपन्यांच्या वसाहतीत, सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये खुसपट काढायचाच मला पगार मिळतो.

वेळ सकाळची ठेवा. नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत नऊनंतर कूलर लावल्याशिवाय बसवत नाही, आणि कूलरच्या घरघरीत कुणी ‘एन वजा एक’ म्हटलं की पलीकडच्याला ‘एन अधिक एक’ ऐकू येतं. साडेसातला सुरुवात, दहाला बंद. पोहे ठेल्यावरून बांधून आणायचे, तर्री वेगळ्या डब्यात, आणि तो डबा लॅपटॉपपासून हातभर लांब. चहा घरचा.

आता कोडं कोणतं घ्यायचं? सगळं इथेच ठरतं. मी निवडताना एवढंच बघते, की त्यात हातालाही काम आहे आणि मशीनलाही. नुसत्या हाताचं कोडं असेल तर प्रोग्रॅमिंगवाले जांभया देतात, नुसत्या मशीनचं असेल तर काका वर्तमानपत्र उघडतात. दोघांना एकमेकांवाचून पुढे जाता येणार नाही असं कोडं मिळालं, की पोहे गार होतात.

पहिल्या बैठकीला माझी शिफारस ६१७४. द. रा. काप्रेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत ही संख्या मांडली. करायचं असं. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून एक संख्या, चढत्या क्रमाने लावून दुसरी, आणि मोठीतून लहान वजा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. उदाहरणार्थ ३५२४. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वजाबाक्या करा, ६१७४ सोडून दुसरं काही येत नाही. आणि कुठूनही निघालात तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचता.

हे सांगून टाकू नका बरं. प्रत्येकाला आपापल्या मनातली संख्या घेऊ द्या, वहीवर करू द्या. पाच-सात मिनिटांनी एकेक जण मान वर करून शेजाऱ्याच्या वहीत डोकावायला लागतो. तेव्हा लॅपटॉप उघडायची परवानगी द्यायची. ‘सगळ्या संख्यांना हे लागू पडतं का?’ हा प्रश्न हाताने सुटायचा नाही म्हणून मशीन, नाहीतर मशीनचं कामच काय?

आमच्याकडे नववीतल्या पोट्ट्याने पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत दहा-बारा ओळी लिहिल्या आणि जाहीर केलं, “हे काही सगळ्यांना जमत नाही. २१११ ला शून्य येऊन राहिलं.”

काकांनी वहीत करून पाहिलं. २१११ वजा १११२, बरोबर ९९९. “आता याच्यापुढे ९९९ वजा ९९९, शून्यच येते ना काका,” पोट्टा म्हणाला. काका म्हणाले, “अबे, चार अंकांचा खेळ आहे ना? मग चौथा अंक कुठं गेला? ०९९९ लिही.” आणि त्यांनी पुढच्या वजाबाक्या केल्या: ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. प्रोग्रामने संख्येला संख्याच मानलं होतं, त्यामुळे पुढचं शून्य गळलं. पायथॉनमध्ये ते शून्य परत लावायला झेडफिल नावाची सोय आहे, एका शब्दाचं काम. पण ते सुचायला कागदावर वजाबाकी करणारा माणूस लागला. तुमच्या गटात नवं पोर प्रोग्रॅमिंग शिकत असेल तर हा शून्याचा घोळ त्याला स्वतःलाच घालू द्या; आधी सावध करून मजा घालवू नका.

आता प्रोग्राम ‘हो, सगळ्यांना लागू’ म्हणाला. इथे बहुतेक जण टाळ्या वाजवून पोह्यांकडे वळतात. वळू देऊ नका. ‘काहून असं?’ हा प्रश्न अजून बाकी आहे. तिथे शाळेतल्या बाईंचं काम सुरू झालं. अंक मोठ्यापासून लहानापर्यंत क, ख, ग, घ समजा. वजाबाकी मांडली की उत्तर येतं ९९९ गुणिले (क वजा घ) अधिक ९० गुणिले (ख वजा ग). म्हणजे चार अंक कोणते हे महत्त्वाचंच नाही, फक्त दोन फरक महत्त्वाचे. पहिला फरक १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. अशा जोड्या होतात फक्त ५४. मशीनने दहा हजार संख्या तपासल्या, आणि काम होतं ५४ जोड्यांचं!

आम्ही सहा जण, म्हणजे प्रत्येकी नऊ. शहाबादी फरशीवर खडूने ५४ चौकोन काढले, प्रत्येकात एक जोडी, आणि प्रत्येकाने आपल्या चौकोनातून पुढच्या चौकोनाकडे बाण काढला. २१११ चा रस्ता (१,०) वरून (९,०), तिथून (८,१), तिथून (८,६) आणि शेवटी (६,२). सगळे बाण (६,२) कडेच वळतात हे डोळ्यांनी दिसलं, तेव्हा मशीनच्या ‘हो’चा अर्थ लागला. फरशी पुसताना बाईंना वाईट वाटलं म्हणून फोटो काढून ठेवला.

अड्ड्याचे नियम फार करू नका, पण एक पाळाच. ज्याला कोड्याचं उत्तर आधीपासून माहीत आहे, त्याने कोडं ऐकताक्षणी तसं सांगायचं आणि मग उत्तर पोटात ठेवायचं. त्याला फक्त प्रश्न विचारायची मुभा. ‘चारऐवजी दोनच अंक घेतले तर?’ हा चांगला प्रश्न. (दोन अंकांत ०९, ८१, ६३, २७, ४५ असं गोल फिरत राहतं, कुठे थांबतच नाही.) ‘मी सांगू का?’ हा वाईट प्रश्न. व्हीएनआयटीच्या पोरांना हे फार जड जातं, त्यांनी स्पर्धांसाठी ढीगभर कोडी पाठ केलेली असतात. त्यांना चहा गाळायला आत पाठवते मी.

मोबाईल पोह्यांच्या रिकाम्या पातेल्यात. कोडं चॅटजीपीटीला विचारलं तर उत्तर मिळतं, कधी बरोबर, कधी ठोकून दिलेलं, हे सगळ्यांना माहीत आहे. बैठक संपल्यावर जरूर विचारा, आणि त्याच्या उत्तरात चूक कुठे आहे ते शोधा. तोही खेळ झाला. पण अडल्या अडल्या विचारायचं असेल तर रविवारी लवकर उठायचं कशाला?

हाताला आणखी काम हवं असेल तर दहा रिकाम्या काडेपेट्या जमवा. पेट्यांवर १ ते १० आकडे घाला, तेच आकडे चिठ्ठ्यांवर लिहा, चिठ्ठ्या पिसून प्रत्येक पेटीत एक टाका. दहा खेळाडू (माणसं कमी असतील तर काहींनी दोनदा खेळायचं), प्रत्येकाचा एक आकडा. एकेकाने आत जायचं, पाच पेट्या उघडायच्या, आपला आकडा सापडतो का बघायचं, पेट्या होत्या तशा बंद करून बाहेर यायचं आणि कुणाशी बोलायचं नाही. दहाच्या दहा जणांना सापडला तरच सगळे जिंकले. मनाला येतील त्या पेट्या उघडल्या तर जिंकायची शक्यता १०२४ मध्ये १. पण आधी ठरवून घेतलं, की पहिल्यांदा आपल्या आकड्याची पेटी उघडायची, आत जो आकडा निघेल त्या आकड्याची पेटी पुढे, मग त्यातल्या आकड्याची, तर हीच शक्यता ३५ टक्क्यांवर जाते. कुणाचा विश्वास बसत नाही. काकांचा तर काडेपेट्यांनी तीनदा जिंकूनही बसला नाही. पोट्ट्याने लाख वेळा खेळणारा प्रोग्राम चालवून दाखवला तेव्हा कुठे बसला. मूळ कोडं शंभर कैद्यांचं आहे, पेटर ब्रो मिल्टरसेन या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाचं. शंभरांना ३१ टक्के पडतात, आणि माणसं कितीही वाढवा, आकडा ३० च्या खाली उतरत नाही. कारण शोधायचं असेल तर चिठ्ठ्यांचे फेरे (पेटीतल्या चिठ्ठीवरून पुढची पेटी, असं करत पहिल्या पेटीवर परत) कागदावर काढा. पाचाहून लांब फेरा निघाला तरच हरता.

प्रोग्रॅमिंगकडचा कोडीसंग्रह हवा तर प्रोजेक्ट ऑयलर ही वेबसाइट बघा. २००१ पासून चालू आहे, गणित आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही लागतं. त्यातलं पहिलंच कोडं: १००० पेक्षा लहान, ३ ने किंवा ५ ने भाग जाणाऱ्या सगळ्या संख्यांची बेरीज. लूप लावला, म्हणजे मशीनला एकेक संख्या तपासायला लावली, की २,३३,१६८. सोपं म्हणून पुढे पळू नका, मर्यादा वाढवा. एकावर अठरा शून्यं द्या. सेकंदाला दहा कोटी फेऱ्या मारणारा लूपही आता तीनशे वर्षांच्या वर चालेल. मग ३ च्या पाढ्याची बेरीज, ५ च्या पाढ्याची बेरीज, आणि दोनदा मोजलेल्या १५ च्या पाढ्याची वजाबाकी, असं तीन ओळींत उत्तर. हे आमच्याकडे काकांनी तोंडी केलं, लॅपटॉप चालूच होता.

कोडफोर्सेस या वेबसाइटवरच्या प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धा बहुधा आपल्याकडे रात्री आठच्या सुमारास असतात. त्या एकत्र बसून सोडवता येत नाहीत, स्पर्धा चालू असताना चर्चा नियमात बसत नाही. ज्याने त्याने घरी द्यावी, आणि न सुटलेला प्रश्न घेऊन रविवारी यावं. पोरं याला अपसॉल्व्ह म्हणतात. रेटिंगचा, म्हणजे स्पर्धांतून मिळणाऱ्या गुणांचा, विषय मात्र वरांड्यात काढू देऊ नका. ज्याचं रेटिंग मोठं त्याच्या तोंडाकडे सगळे बघत बसतात आणि पोट्टा बोलायचा थांबतो.

एक जाड वही ठेवा. डाव्या पानावर कोडं, उजव्या पानावर आपण कुठवर पोचलो ते. सध्या आमच्या वहीत ६१७४ चाच खेळ पाच अंकी संख्यांवर चालू आहे. तिथे एक संख्या मिळत नाही, तीन फेरे मिळतात, त्यातला सगळ्यांत छोटा ५३९५५ आणि ५९९९४ या दोघांचाच. बाईंनी सूत्र मांडलं तेव्हा मधला अंक गळूनच गेला, म्हणजे चौकोन पुन्हा ५४ आणि फरशी पुरली. सहा अंकांना मात्र फरक तीन होतात आणि चौकोन २१९. त्यासाठी गच्ची झाडून ठेवायची आहे, आणि उन्हाचं बघता साडेसातऐवजी साडेसहाला या असं सगळ्यांना सांगितलं आहे. पोरांनी अजून हो म्हटलेलं नाही.