मुखपृष्ठाचं चित्र: स्वस्तात, पण हक्काने

स्वतःच्या खर्चाने छापलेल्या बऱ्याच पुस्तकांत श्रेयपानावर एक ओळ सापडते: ‘मुखपृष्ठ छायाचित्र: गूगलवरून साभार’. परवानगी घेतली नाही, याची ही लेखी कबुलीच. गूगल चित्रं शोधून दाखवतं, ती त्याच्या मालकीची नसतात. आणि ‘साभार’ लिहिल्याने वापरायचा हक्क मिळत नाही. ठाण्यात कथासंग्रहाच्या तीनशे प्रती छापा, नाहीतर नेरुळमध्ये घरबसल्या किंडलवर ई-बुक चढवा, दोन्हीकडे नियम तोच.

चित्र शोधायच्या आधी माप काढा. मराठी पुस्तकांचा नेहमीचा डेमी आकार ५.५ × ८.५ इंच. बाहेरच्या कडांना कटिंगसाठी ०.१२५ इंच जास्तीची जागा, म्हणजे ब्लीड, सोडावी लागते. ३०० डीपीआयने, म्हणजे एका इंचात ३०० पिक्सेल धरून, हिशोब केला तर नुसत्या पुढच्या बाजूला १६८८ × २६२५ पिक्सेल लागतात. चित्र मागच्या बाजूपर्यंत सलग न्यायचं असेल तर कणा, म्हणजे पुस्तकाची जाडीची बाजू, हीही धरा. दोनशे पानांच्या पुस्तकाचा कणा ७० जीएसएम कागदावर साधारण ९ ते १० मिलिमीटर होतो, म्हणून सगळं मिळून जवळपास ३५०० × २६२५ पिक्सेल. कण्याचं नेमकं माप मात्र छापखान्याकडूनच घ्या, कारण तितक्याच जीएसएमचा (वजनाचा) नॅचरल शेड कागद बऱ्याचदा जास्त फुगीर असतो. किंडलच्या ई-बुकसाठी उंची २५६० आणि रुंदी १६०० पिक्सेल ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये डीपीआयचा ७२ हा आकडा खोडून ३०० लिहिल्याने पिक्सेल वाढत नाहीत. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेलं चित्र दाबलेलं असतं. पाठवणाऱ्याला ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निर्धोक चित्र तुमच्याच फोनमध्ये असतं. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४०००×३००० पिक्सेलचा भरतो, म्हणजे आडवा फोटो पुढून मागेपर्यंत सलग न्यायलाही पुरतो. फोनचा झूम वापरू नका, दोन पावलं पुढे जा. चौकटीचा वरचा एक तृतीयांश भाग मोकळा सोडा: आकाश, पाणी, भिंत, काहीही चालेल. ठाण्याच्या मासुंदा तलावाचा पहाटेचा फोटो यासाठी सोयीचा, कारण पाण्यावर शीर्षक नीट बसतं. त्याच तलावाचा संध्याकाळचा फोटो दिव्यांनी इतका गजबजतो की अक्षरं वाचताच येत नाहीत.

इमारत किंवा सार्वजनिक जागी कायमचा बसवलेला पुतळा यांचा फोटो काढून छापायला कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ५२ मुभा देतं. ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहाची इमारत मुखपृष्ठावर चालते. नवी मुंबईतला फ्लेमिंगोचा पुतळाही चालतो. पण उड्डाणपुलाखालच्या भिंतीवर रंगवलेलं चित्र चालत नाही. ही सवलत इमारती, शिल्पं आणि कलाकुसरीच्या वस्तूंना आहे, चित्रांना नाही, आणि नेमकी इथेच गल्लत होते. भिंतीवरचा फ्लेमिंगो एखाद्या चित्रकाराचं काम असतो. तो फोटोच्या कोपऱ्यात चुकून आला तर गोष्ट वेगळी, पण तोच मुखपृष्ठ झाला तर चित्रकाराची परवानगी हवी. रेल्वे स्थानकाच्या आवारात व्यावसायिक कामासाठी फोटो काढायला रेल्वेची परवानगी लागते. रस्त्यावरून दिसणारी स्टेशनची इमारत टिपलीत तर हा प्रश्नच येत नाही.

चेहरा ओळखू येत असेल तर लेखी संमती घ्या. चेंदणी किंवा दिवाळे कोळीवाड्यातल्या मावशी हसून ‘काढ की फोटो’ म्हणतात, ती परवानगी फोटो काढण्यापुरती. त्यांचा चेहरा कर्जबाजारीपणावरच्या कादंबरीवर छापायची ती परवानगी नव्हे. कागद असा चालेल: ‘दिनांक ____ रोजी ____ येथे काढलेलं माझं छायाचित्र ‘____’ या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, छापील व ई-आवृत्तीत आणि जाहिरातीत वापरण्यास माझी संमती आहे. पुस्तकाचा विषय मला सांगितला आहे. मोबदला ₹____.’ खाली नाव, सही, तारीख. अल्पवयीन असेल तर पालकांची सही. विषयाचं वाक्य कधीही गाळू नका, पुढे भांडण होतं ते त्याच्यावरूनच. पाठमोरी व्यक्ती किंवा नुसते हात घेतले तर ही सगळी खटपट बहुतेक वेळा टळते, आणि मुखपृष्ठही बरेचदा जास्त चांगलं होतं.

जुनी चित्रं हा मराठी लेखकांनी फारसा न वापरलेला साठा आहे. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. हिशोब मृत्यूच्या तारखेवर नाही, वर्ष संपल्यावर सुरू होतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, ते केव्हाच मोकळे. म. वि. धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांची चित्रं १ जानेवारी २००५ पासून मोकळी. सा. ल. हळदणकर १९६८ मध्ये गेले, म्हणजे २०२८ संपेपर्यंत थांबा. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे २०३१ संपेपर्यंत. दलालांची चित्रं दिवाळी अंकांच्या जुन्या गठ्ठ्यांत सहज मिळतात म्हणून ती ‘जुनीच आहेत’ असं समजू नका. रविवर्म्यांच्या नावाने फिरणाऱ्या छापील चित्रांबाबतही सावध राहा, कारण त्यांच्या प्रेसने इतर चित्रकारांची चित्रंही छापली आणि कॅलेंडरवाल्यांनी नंतर नकला करून घेतल्या. सही आणि साल दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. फोटोंनाही २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रकाराचं आयुष्य अधिक ६० वर्षं हाच नियम आहे. किंडलवर जगभर विकणार असाल तर अमेरिकेचा हिशोब वेगळा पडतो: तिथे जुन्या प्रकाशित कामांचा हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षांपर्यंत राहू शकतो.

चित्रकाराचं नावच नसलेलं, १९३० च्या मासिकातलं एखादं रेखाचित्र असेल तर मुदत प्रकाशनापासून ६० वर्षं. अशा गोष्टींसाठी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारखं (स्थापना १८९३) जुनं वाचनालय गाठा आणि स्कॅन करण्याआधी ग्रंथपालांना विचारा. तीन इंच रुंद रेखाचित्र ६०० डीपीआयने स्कॅन केलं की १८०० पिक्सेल मिळतात, पुढच्या बाजूला पुरतात. जुन्या छापील फोटोंचं मात्र असं होत नाही. ते ठिपक्यांनी छापलेले असतात, पुन्हा छापले की त्यांवर जाळीदार नक्षी उमटते. स्कॅनरमध्ये ‘डिस्क्रीन’ पर्याय असेल तर लावा, नसेल तर रेषांचीच चित्रं घ्या.

परदेशी संग्रहालयांनी आपलं काम बरंच सोपं केलंय. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने २०१७ मध्ये, क्लीव्हलँड कला संग्रहालयाने २०१९ मध्ये आणि स्मिथसोनियनने २०२० मध्ये मोठे साठे सीसी-झिरोखाली खुले केले. सीसी-झिरो हा क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) परवान्यांतला सगळ्यात मोकळा प्रकार, म्हणजे विकाऊ वापरालाही परवानगी लागत नाही आणि पैसेही नाहीत. मेट आणि क्लीव्हलँडमध्ये भारतीय लघुचित्रं भरपूर आहेत. पक्षी, झाडं, मासे हवे असतील तर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत जुन्या ग्रंथांतली रंगीत चित्रं बघा. संकेतस्थळावरचं प्रत्येक चित्र खुलं नसतं, त्या-त्या चित्राच्या पानावरची खूण पाहा.

विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या चित्रसाठ्यावर सीसी परवान्याची अक्षरं वाचायला शिका. ‘बाय’ (BY) म्हणजे श्रेय द्या: चित्राचं नाव, कर्ता, मूळ ठिकाण, परवाना आणि तुम्ही बदल केला असेल तर तेही. ‘एनसी’ (NC) असेल तर विकायच्या पुस्तकाला ते चित्र बाद, मग प्रती पन्नास का असेनात. ‘एनडी’ (ND) असेल तर कापून, त्यावर शीर्षक चढवून वापरता येत नाही, म्हणजे मुखपृष्ठाला तेही बाद. ‘एसए’ (SA) असेल तर त्यातून तयार केलेलं मुखपृष्ठ तुम्हालाही त्याच परवान्याने खुलं करावं लागतं. ते मान्य असेल तरच घ्या.

अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे या फुकट फोटोंच्या संकेतस्थळांवर विकाऊ वापर चालतो, श्रेयाची सक्ती नाही. पण फोटोतल्या माणसाची संमती घेतली आहे, याची हमी मिळत नाही. दुसरी अडचण चोरीच्या मालाची: कुणीतरी दुसऱ्याचा फोटो आपला म्हणून चढवतो. म्हणून निवडलेलं चित्र गूगल लेन्स आणि टिनआय या चित्रावरून चित्र शोधणाऱ्या सेवांमध्ये टाकून बघा. तेच चित्र एखाद्या छायाचित्रकाराच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा विकत मिळणाऱ्या साठ्यात दिसलं तर सोडून द्या. याच शोधात ते आधी किती मुखपृष्ठांवर झळकलंय तेही कळतं. पावसातली छत्री आणि रिकामा बाक ही दोन चित्रं तर आता कुणीच वापरू नयेत.

विकतच्या साठ्यांतून, म्हणजे शटरस्टॉक, अडोबी स्टॉक वगैरेंतून, एक-दोन चित्रंच हवी असतील तर वर्गणी घेऊ नका, सुटी खरेदी करा. फुकट महिन्याची योजना घेतलीत तर ती बंद करायची तारीख त्याच दिवशी फोनमध्ये टाका, नाहीतर कार्डावरून रक्कम कटत राहते. त्यांचा साधा परवाना पाच लाख प्रतींपर्यंत चालतो. मराठी कथासंग्रहाला ही मर्यादा आडवी यायची शक्यता कमीच. अडचण येते ती दोन ठिकाणी. ‘फक्त संपादकीय वापर’ (म्हणजे बातमी-लेखापुरतं) लिहिलेलं चित्र मुखपृष्ठाला घेऊ नका. आणि प्रकाशनाला तेच चित्र कपांवर, पिशव्यांवर छापून विकणार असाल तर वाढीव परवाना लागतो. पुस्तक आजार, व्यसन, लैंगिकता अशा विषयावर असेल तर मॉडेलच्या चेहऱ्याबाबत वेगळी अट असते, ती वाचा. कॅनव्हा या डिझाइनच्या संकेतस्थळावर ‘प्रो’ चित्राचा हक्क एका डिझाइनपुरता असतो.

चित्रकाराकडून काढून घेणार असाल तर पैसे देण्याआधी कागद करा. कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखीच द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पाच वर्षांनी दुसरी आवृत्ती काढताना हे लक्षात येतं. वर्षभरात वापर केला नाही तर हक्क सुटल्याचं धरलं जातं, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. म्हणून चार गोष्टी लिहा: छापील, ई-बुक, श्राव्य आवृत्तीचं चौकोनी आवरण आणि जाहिरात हे सगळे वापर, संपूर्ण कॉपीराइट मुदत, जगभर, वर्षभर वापर झाला नाही तरी हक्क कायम. श्रेयपानावर चित्रकाराचं नाव द्या. हक्क विकत घेतले तरी आपल्या कामाचा कर्ता म्हणून नाव मागण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो.

एआयने चित्र बनवलंत तर किंडलवर पुस्तक चढवताना तसं सांगावं लागतं. अशा चित्रात देवनागरी अक्षरं बहुतेक वेळा मोडतात, म्हणून शीर्षक वेगळंच टाईप करा. त्यासाठी ‘मुक्त’ (Mukta), ‘बलू’ (Baloo) किंवा ‘तिरो देवनागरी मराठी’ हे फाँट गूगल फाँट्सवर मुक्त परवान्याने मिळतात. मित्राच्या संगणकातून उचललेला फाँट नको, त्यालाही परवाना असतो.

छपाईला देण्याआधी फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत, करून पाहा. ऐरोलीच्या खाडीतला फ्लेमिंगो पडद्यावर जितका गुलाबी दिसतो तितका कागदावर येत नाही, मळकट होतो. त्यामुळे एक रंगीत प्रूफ मागवाच.

प्रत्येक चित्रासाठी एक फोल्डर ठेवा. त्यात मूळ फाइल, चित्राच्या पानाचा आणि परवान्याच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट, पावती, संमतीपत्र किंवा करार. संकेतस्थळांचे नियम बदलतात: पिक्साबेवरची ९ जानेवारी २०१९ च्या आधीची चित्रं सीसी-झिरोखाली होती, नंतरची पिक्साबेच्या स्वतःच्या परवान्याखाली आहेत. तुम्ही चित्र उतरवलंत त्या दिवशी काय लिहिलं होतं, ते नंतर स्क्रीनशॉटनेच दाखवता येतं. फोल्डरची एक प्रत मुखपृष्ठ करून देणाऱ्याकडे आणि एक स्वतःला ईमेलने.