बेटकास्टरवर कोणती लाईन भरायची: आधी जाडी बघा, मग ताकद

गणपतीला आलेला भाचा मासे गरवायचं नवंकोरं बेटकास्टर रीळ घेऊन आला होता. दुकानातूनच ब्रेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली लाईन, भरून घेतलेली, १० पौंडी (म्हणजे १० पौंडांची ओढ सोसणारी), शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक. अंगणात शिसं लावून त्याने तीनदा फेकून बघितलं आणि तिन्ही वेळा स्पूलवर, म्हणजे लाईन गुंडाळायच्या चाकावर, कावळ्याच्या घरट्यासारखा गुंता झाला. "मामा, रीळ खराब निघालं का?" रीळ चांगलं होतं. त्यावर लाईन चुकीची होती. त्याला त्या दुपारी ओटीवर बसून जे सांगितलं, तेच इथे लिहितो, कारण रेवदंड्याच्या खाडीवर गरवायला येणारी नवी पोरं दर मोसमाला हीच चूक करताना दिसतात.

स्पिनिंग रिळाचा स्पूल फेकताना जागचा हलत नाही, लाईन त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जाते. बेटकास्टरचा स्पूल स्वतः गरगर फिरतो आणि फिरत फिरत लाईन सोडतो. हवेत लुअरचा (नकली आमिषाचा) वेग कमी होतो, स्पूल मात्र त्याच जोरात फिरत राहतो. मग जास्तीची लाईन बाहेर जाऊ शकत नाही, आतच फुगते. हा गुंता अंगठ्याने आणि ब्रेकने आवरता येतो, पण बारीक ब्रेडचं दुखणं वेगळं आहे. मासा लागला किंवा गरी कुठे अडकली की ताणाखाली ती खालच्या थरांच्या फटीत रुतून बसते. वरून बघाल तर स्पूल गुळगुळीत दिसतो. पुढच्या फेकीला तो सुसाट सुटतो, रुतलेल्या वेढ्यापाशी येऊन खाडकन थांबतो, आणि लुअर लाईन तोडून एकटाच पलीकडच्या तिवरांत जातो. माझे दोन चांगले लुअर असेच गेले, एकाच सकाळी.

म्हणून पाकीट हातात घेतल्यावर पौंडाआधी मिलिमीटर वाचायचे. बेटकास्टरवर साधारण ०.२८ मिमीपेक्षा बारीक लाईन मी भरत नाही. माझी ३० पौंडी, म्हणजे साडेतेरा किलोची ब्रेड तेवढ्याच जाडीची आहे. तेवढ्या जाडीचा तंगूस, म्हणजे नायलॉनची एकसंध लाईन, घेतला तर तो सात-आठ पौंडांवर तुटतो. जपानी पाकिटांवर पीई २, पीई ३ असे आकडे असतात. तो जाडीचा नंबर आहे, ताकदीचा नाही. पीई ३ म्हणजे जवळपास ०.२८ मिमी.

ज्याचा अंगठा अजून बसलेला नाही, त्याने सरळ तंगूस भरावा. १२ ते १४ पौंडी, ०.३३ ते ०.३५ मिमी. तंगूस स्वस्त असतो आणि गुंता झाला तरी बोटांनी सुटतो. ब्रेडचा गुंता बऱ्याचदा कात्रीनेच सुटतो. शिवाय तंगूस ताणतो, त्यामुळे मासा उसळला तरी गरी तोंडातून फाटून येत नाही. मात्र त्याच ताणामुळे लांबवरचा हलका टोच हाताला कळत नाही, आणि उन्हात तो कडक होत जातो. दर मोसमाला बदलायची तयारी ठेवा.

खाडीत जिताडा आणि तांबोशीसाठी मी ब्रेडच वापरतो, त्याचं कारण तिवरांची मुळं. तांबोशी गरी घेते तीच मुळांकडे वळून. तिथे तुम्हाला दोन-तीन सेकंद मिळतात. लाईन ताणणारी असेल तर तेवढ्यात ती आत शिरते आणि कालवांच्या धारेवर तंगूस कापला जातो. ब्रेड ताणत नाही, तुम्ही काठी उचलली की मासा त्याच क्षणी वळतो. ३० ते ४० पौंडी, आठ पदरी असेल तर काठीच्या कड्यांतून आवाज न करता सरकते. चार पदरी थोडी खरखरीत असते, पण खडकावर जास्त टिकते असा माझा अनुभव आहे.

पण ब्रेडच्या पुढे लीडर, म्हणजे गरीजवळचा जाड लाईनचा तुकडा, हवाच. जिताड्याच्या कल्ल्यावरचं झाकण ब्लेडसारखं असतं. हाताने धरून बघू नका, बोट कापतं. ब्रेडचे बारीक धागे त्याच्यापुढे टिकत नाहीत. लीडर ०.६० मिमीचा, साधारण ४० पौंडी. लोक फ्लोरोकार्बनच (तंगुसासारखीच, पण वेगळ्या प्लास्टिकची लाईन) हवा म्हणतात. त्याचा मुख्य गुण म्हणजे तो पाण्यात कमी दिसतो. आमच्या कुंडलिका खाडीच्या गढूळ पाण्यात त्या गुणासाठी पैसे घालवू नका, जाड तंगूस चालतो. धरणाच्या नितळ पाण्यात मात्र फ्लोरोकार्बन लीडरने फरक पडतो. अख्खा स्पूल फ्लोरोकार्बनने भरायचा मोह टाळा. तो ताठ असतो, वेटोळी धरून ठेवतो, आणि पाण्यापेक्षा बराच जड असल्यामुळे वरून चालणाऱ्या लुअरचं नाक खाली ओढतो. तळ्यात जलपर्णीतून मरळ काढायची असेल तर ५० पौंडी ब्रेड थेट बेडकाच्या आकाराच्या लुअरला बांधा. तिथे लीडरची गाठ गवत गोळा करते.

लीडर किती लांब? नव्या माणसाने ६० सेंटिमीटरच ठेवावा. बेटकास्टरला स्पूलपुढे लाईन गाइडचं छोटं भोक असतं, फेकताना जाडी गाठ त्यातून आपटत गेली की फेकही तुटते आणि गाठही सैल होते. आखूड लीडरची गाठ काठीच्या टोकाबाहेरच राहते.

आता भरणं. इथे घाई करू नका. ब्रेड नुसत्या धातूच्या स्पूलवर बांधली तर मोठ्या ओढीला ती सगळीच्या सगळी स्पूलवर घसरत फिरते, आणि आपल्याला वाटतं ड्रॅग (ठरावीक ओढीला लाईन सोडणारी रिळाची पकड) बिघडला. म्हणून आधी तंगुसाचे आठ-दहा वेढे, त्यावर गाठ मारून ब्रेड. नव्या लाईनची रिकिली पेन्सिलीत ओवून कोणाला तरी धरायला सांगा, ती फिरली पाहिजे, म्हणजे लाईनला पीळ पडत नाही. आपण ओल्या फडक्यात लाईन चिमटीत धरून गुंडाळायची, इतकी घट्ट की भरल्यावर अंगठ्याच्या नखाने दाबली तर दबू नये. सैल भरलेल्या स्पूलवर जाड लाईनसुद्धा रुतते. स्पूलच्या काठाखाली दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून थांबा.

लांबीचा हिशोब सोपा आहे. रिळावर ०.३३ मिमीची ११० मीटर असं लिहिलं असेल तर ०.२८ मिमीची साधारण १५० मीटर बसते. जाडीचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं, नव्या जाडीच्या वर्गाने भागायचं. खाडीत मला यातली शंभर मीटर पुरते, म्हणून खाली तंगूस जास्त भरतो आणि ब्रेड वाचवतो.

गाठ पॅलोमार. ब्रेड दुहेरी करून गरीच्या नेढ्यातून काढा, साधी गाठ सैल मारा, उरलेल्या फाश्यातून अख्खी गरी पार करा, थुंकी लावा आणि सावकाश ओढा. कोरडी ओढली तर घासून गरम होते आणि तिथेच कमजोर पडते. ब्रेड-लीडर जोडायला दोन्ही बाजूंनी युनी गाठ, ब्रेडच्या बाजूला वेढे दुप्पट.

ड्रॅग लाईनच्या ताकदीच्या पाव भागावर लावा. ३० पौंडीला साडेतीन किलोच्या आसपास, ताणकाट्याला गरी अडकवून बघायचं. पण काठीवर २० पौंडांची मर्यादा छापलेली असेल तर हिशोब २० चाच धरा. नाहीतर लाईन टिकते आणि काठी मोडते. आणि गरी मुळात अडकली तर ब्रेड हाताला गुंडाळून कधीही ओढू नका. लाकडाच्या तुकड्याला चार वेढे द्या, काठी खाली ठेवा, सरळ रेषेत ओढा. माझ्या शेजारच्या कोळीवाड्यातल्या एका पोराच्या तळव्याला याच चुकीमुळे पाच टाके पडले.

घरी आलात की रीळ गोड्या पाण्याखाली धरा, जोराच्या धारेखाली नको, आणि सावलीत सुकवा. पुढच्या वेळी निघण्याआधी शेवटचे तीन-चार मीटर नखांमधून सरकवा. जिथे लव आल्यासारखं लागेल तिथून कापून टाका, हात आखडू नका. कापलेले तुकडे खिशात घालून घरी आणा. तिवरांत पायाला तंगूस अडकून लटकलेला बगळा मी सोडवला आहे, त्याचा एक पाय गेला होता. माझ्या डब्यात त्यासाठी एक रिकामी काड्यापेटी कायम असते, आणि भाच्याला रीळ भरून दिलं तेव्हा तशीच एक त्याच्याही डब्यात टाकली.