लॅपटॉपची एसएसडी घेताना: दुकान की ऑनलाइन?
एसएसडी, म्हणजे लॅपटॉपमधला सगळा डेटा साठवणारी ड्राइव्ह, घ्यायला इंदूरच्या आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत जाणार असाल तर ऑनलाइन भाव आधी बघून ठेवा, पण मॉडेलच्या पूर्ण क्रमांकासकट. एका अक्षराच्या फरकानेही आतला माल वेगळा निघतो. लॅपटॉप सोबत न्याच. एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) दिसायला सारखाच, पण काहींत फक्त साटा (जुन्या, हळू प्रकारची एसएसडी) चालते, काहींत फक्त एनव्हीएमई (नवी, वेगवान). एसएसडीचं कार्ड ८० मिमी लांबीचं बसेल की ४२, हे मागचं झाकण उघडल्यावर खात्रीने कळतं. ऑनलाइन मागवून चुकलं की परत पाठवण्याचा खटाटोप आलाच.

पैसे देण्याआधी तिथेच बसवून क्रिस्टलडिस्कइन्फो (ड्राइव्हची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवायला सांगा. त्यात ‘पॉवर ऑन अवर्स’, म्हणजे ड्राइव्ह किती तास चालली ते, शून्य किंवा एक-दोन हवेत. शेकड्यात दिसले तर माल वापरलेला, डबा कितीही कोरा असो. ५१२ जीबीची विंडोजमध्ये ४७६ च्या आसपास दिसते, कारण विंडोजची मोजायची पद्धत वेगळी; त्यावरून मात्र भांडू नका.

बिल जीएसटीचंच घ्या, सीरियल नंबर लिहून. कच्च्या बिलावर सुटलेले दोन-चारशे वॉरंटीच्या वेळी अंगाशी येतात. ऑनलाइनच घ्यायची तर विक्रेता कोण ते बघा आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पत्त्याच्या लेबलपासून सलग घ्या, मध्ये न थांबवता.