हलत्या आणि उडत्या लक्ष्यावर बाण चालवताना या चुका टाळा

पारंपरिक धनुष्य शिकायला येणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्याच आठवड्यात हवेत उडवलेल्या चकतीवर बाण मारायचा हट्ट धरतात. मोबाइलवर कुणाचा तरी अचूक नेम पाहिलेला असतो, पण त्यामागे स्थिर लक्ष्यासमोर घालवलेला काळ त्या चित्रफितीत दिसत नाही. द्रोणाचार्यांनी शिष्यांची परीक्षा घेतली ती झाडावर ठेवलेल्या, न हलणाऱ्या कृत्रिम पक्ष्यावर. फिरता मासा अर्जुनासमोर आला तो पुष्कळ नंतर. 10 मीटरवर सलग सहा बाण ताटाएवढ्या वर्तुळात येईपर्यंत मी कुणालाही हलत्या लक्ष्याकडे वळू देत नाही, आणि या नियमावर नाराज होऊन निघून जाणाऱ्यांना अडवतही नाही. ठाणे असो की नवी मुंबई, चुका मात्र त्याच त्या दिसतात. त्यांपैकी दोन सविस्तर सांगतो, कारण पहिली कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते आणि दुसरी वर्षानुवर्षे सुटत नाही.

साधा बाण आकाशाकडे सोडणे

40 पाउंडांच्या, म्हणजे दोरी पूर्ण खेचायला तेवढा जोर लागणाऱ्या, धनुष्यातून सुटलेला साधा बाण सेकंदाला साधारण 50 मीटर वेगाने निघतो आणि 45 अंशांच्या आसपास वर सोडला, तर दीडशे मीटरच्याही पुढे जाऊन पडतो. आपल्याकडे दीडशे मीटरमध्ये एक मैदान, एक रस्ता आणि दोन सोसायट्या सहज मावतात.

खारघरमधल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी एका संध्याकाळी मला फोन करून बोलावून घेतले, कारण मी धनुर्विद्या शिकवतो हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या बागेत घसरगुंडीपासून हातभर अंतरावर एक कार्बनचा बाण मातीत रुतलेला होता. वॉचमनने कुणालाही हात लावू दिला नव्हता. पावसाने मऊ झालेल्या मातीत लोखंडी टोक पूर्ण आत गेले होते आणि काडीही चार बोटे आत होती. मला तो सरळ ओढून निघेना, फिरवत फिरवत काढावा लागला. रस्त्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर दोन तरुण थर्माकोलच्या चकत्या उडवत होते. त्यांच्यापैकी धनुष्य ज्याच्या हातात होते, तो मला म्हणाला, “सर, मी तर वर मारला होता, तो इतका लांब कसा जाईल?” त्याच्या चेहऱ्यावरचा धक्का खरा होता, पण वर सोडलेला बाण कुठेतरी खाली येतोच, हा विचार त्याने बाण सोडण्याआधी केलेला नव्हता. सुदैवाने तेव्हा घसरगुंडीवर मुले नव्हती.

उडत्या लक्ष्यासाठी फ्लू-फ्लू बाणच वापरावा. त्याच्या मागच्या टोकाला नेहमीच्या तीन आखूड पिसांऐवजी पूर्ण उंचीची, न कापलेली चार ते सहा पिसे असतात, किंवा एकच अखंड पीस काडीभोवती गुंडाळलेले असते. सुरुवातीचे 15–20 मीटर तो ठीक सरळ जातो आणि मग हवेच्या अडथळ्याने त्याचा वेग झपाट्याने उतरतो. पुढच्या टोकाला रबराचे बोथट टोपण घालावे. एवढे करूनही मोकळा प्लॉट किंवा सार्वजनिक बाग ही या सरावाची जागा होत नाही. मी स्वतः पनवेलच्या पलीकडे, मालकाच्या परवानगीने, एका शेतात जातो, जिथे समोर बांध आहे आणि त्यामागे माणसांची वर्दळ नाही. तिथेही लक्ष्याच्या बाजूला एक उंच बांबू रोवतो आणि चकती त्याच्या टोकाच्या वर गेली, की बाण सोडायचा नाही, असे आधीच ठरवून टाकतो. चकती फेकणारा नेहमी धनुर्धराच्या बाजूला, अर्धे पाऊल मागे उभा असावा. तो समोर उभा असेल, तर मी बाण दोरीला लावूच देत नाही.

बाण सुटताना हात थांबवणे

ही चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती टिकून राहते. शिकणारा चकतीबरोबर धनुष्य फिरवत नेतो, नेम जुळला असे वाटताच हात थांबवतो आणि मग दोरी सोडतो; बाण दर वेळी चकतीच्या मागून जातो. 15 मीटरवरच्या लक्ष्यापर्यंत पोहोचायला बाणाला 0.3 सेकंद लागतात, आणि चकती सेकंदाला 6 मीटर वेगाने आडवी जात असेल, तर तेवढ्यात ती 1.8 मीटर पुढे गेलेली असते. हात थांबल्यापासून बोटे सुटेपर्यंतचा वेळ त्यात आणखी मिळवावा लागतो.

त्यावर अनेक जण उपाय काढतात तो म्हणजे चकतीच्या पुढे दीड-दोन मीटरवर नेम धरून तिथेच वाट पाहत थांबणे. हा आडमार्ग मला मुळीच पसंत नाही. एकाच वेगाच्या फेकीवर तो चालतो आणि फेकणारा बदलला की कोसळतो. कमरेपासून वरचे शरीर लक्ष्याबरोबर फिरत राहिले पाहिजे, त्या फिरण्यातच धनुष्य लक्ष्याच्या पुढे गेले पाहिजे, दोरी सुटताना फिरणे चालूच राहिले पाहिजे आणि बाण लागेपर्यंत धनुष्याचा हात खाली येता कामा नये. नजर मात्र चकतीच्या पुढच्या कडेवर असावी, बाणाच्या टोकावर नव्हे. झेल घेणारा क्षेत्ररक्षक स्वतःच्या हातांकडे पाहत नाही, तसेच हे आहे.

सरावासाठी मी दोन मीटर दोरीला फोमचा ठोकळा टांगून त्यामागे दाट जाळी लावतो. झोका दिल्यावर त्याची जाऊन-येऊन एक पूर्ण फेरी साधारण 2.8 सेकंदांची होते. बहुतेक जण ठोकळा टोकाला जाऊन थबकतो तेव्हाच बाण मारतात आणि जमले म्हणून खूश होतात. मी मधोमध, तो सर्वांत वेगात असतानाच मारायला लावतो, कारण हात थांबवण्याची खोड तिथेच उघडी पडते. ठाण्यासारख्या ठिकाणी जागेची अडचण असली, तरी एवढी सोय बंदिस्त शेडमध्येही करता येते. त्यानंतर जमिनीवरून घरंगळणारी चकती आणि सर्वांत शेवटी हवेतली, हाच माझा क्रम आहे.

बाकीच्या चुका

सरळ वर उडवलेल्या चकतीचा चढतानाच पाठलाग करू नये. सर्वोच्च बिंदूच्या आधीचे आणि नंतरचे 0.2 सेकंद धरले, तर त्या काळात ती जेमतेम 20 सेंटिमीटर वरखाली होते; बाण तिथे पोहोचला पाहिजे.

वर नेम धरताना फक्त हात उचलू नयेत, कमरेतून वाकावे. नुसते हात उचलले, की दोरी पूर्ण खेचली जात नाही आणि बाण खाली पडतो.

सुरुवातीलाच 45 पाउंडांचे धनुष्य घेणे हा निव्वळ हट्ट आहे. 20 ते 25 पाउंड पुरे होतात.

बाण न लावता दोरी खेचून सोडू नये, त्याने धनुष्य तडकते.

उडते लक्ष्य म्हणजे पक्षी नव्हे. ठाणे खाडीवर रोहित पक्षी येऊ लागले, की हा विषय कुणीतरी थट्टेने काढतोच. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार तो गुन्हा आहे, आणि असे बोलणाऱ्याला मी शिकवत नाही.

पावसाळ्यात फ्लू-फ्लू बाणांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. भिजलेली पिसे काडीला चिकटतात, हवेला अडवत नाहीत आणि तोच बाण अपेक्षेपेक्षा बराच लांब जातो. जून ते सप्टेंबर मी बाण प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिसे वर करून नेतो आणि एखादा भिजला तर त्या दिवशी तो पुन्हा चालवत नाही. घरी आल्यावर पिसे आधी पंख्याखाली वाळवून मग किटलीच्या वाफेवर काडी फिरवत काही क्षण धरली, की ती पुन्हा उभी राहतात. तरीही एखादे पीस वाकडेच राहिले, तर ते काढून नवे चिकटवावे.