नाताळात गोतावळा राहायला येतो तेव्हा: अंथरुणं, गरम पाणी, ओव्हन आणि फ्रिजचा हिशेब

नाताळला बारा-पंधरा माणसं राहायला येणार म्हटलं की घरात पहिली चर्चा होते ती जेवणाची. जेवण बहुधा निभावून जातं. खोळंबा होतो तो न्हाणीघराच्या दाराशी, ठासून भरलेल्या फ्रिजपुढे आणि रात्री दोन वाजता, अंधारात कुणीतरी कुणाच्या तरी गादीला अडखळतं तेव्हा. एका वेळी एकालाच वापरता येतील अशा जागा घरात थोड्याच असतात: न्हाणीघर, संडास, गिझर, ओव्हन. त्यांच्यापुढे गर्दी कधी होणार हे आठवडाभर आधी कागदावर मांडलं की निम्मं काम झालं. खालचा हिशेब बारा माणसं आणि तीन रात्री धरून केला आहे.

आधी विचारून घ्या

पंधरा दिवस आधी प्रत्येक कुटुंबाला एकच निरोप पाठवा आणि त्यात नेमकं विचारा: कोणत्या दिवशी किती वाजता पोहोचणार, कोणत्या दिवशी निघणार, काय खात नाही किंवा काय सोसत नाही, कुणाला जिना चढणं किंवा खाली बसणं जड जातं, कोणती औषधं फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. निघण्याची तारीख विचारायला संकोच वाटतो, पण ती नक्की नसेल तर अंथरुणांचा आणि किराण्याचा अंदाज साफ चुकतो. पाहुण्यांनाही ती ठरलेली असली की मोकळं वाटतं.

त्या वर्षात घरातलं कुणी गेलं असेल तर त्याबद्दलही याच वेळी बोला. त्या माणसाची नेहमीची खुर्ची कुठे ठेवायची, त्याच्या हातचा पदार्थ कुणी करायचा की यंदा करायचाच नाही, प्रार्थनेत नाव कुणी घ्यायचं, हे सगळ्यांत जवळच्या माणसाला एकांतात विचारावं. ऐन जेवणाच्या पंगतीत हा विषय अचानक निघाला तर त्याच माणसाला तो सर्वांत जड जातो.

झोपायची सोय

एका माणसाच्या गादीला साधारण ९० × १९० सेंटिमीटर जागा लागते. खोलीत गाद्या किती मावतात हे मोजताना दारापर्यंत ६० सेंटिमीटरची वाट सोडूनच मोजा. ही वाट विसरली की रात्री संडासला जाणारा प्रत्येक जण दोघांना उठवून जातो. वाटेवर जमिनीलगत मंद दिवा लावा आणि पायपुसणी घसरणारी असतील तर तेवढे दिवस उचलून ठेवा.

पलंग आधी आजी-आजोबांना, गरोदर बाईला आणि गुडघे-कंबर दुखणाऱ्यांना. पलंगाची उंची गुडघ्याइतकी, म्हणजे ४५ ते ५० सेंटिमीटर असली की उठताना आधार शोधावा लागत नाही. ही खोली संडासाच्या सर्वांत जवळची असावी, मग ती घरातली सगळ्यांत चांगली खोली नसली तरी चालेल. घोरणाऱ्यांना एका खोलीत टाकणं हा जुना आणि उत्तम उपाय आहे.

हवेची गादी नवी असेल तर आदल्या रात्रीच फुगवून ठेवा. पहिल्या काही तासांत तिचं कापड ताणतं आणि गादी सैल पडते, त्यामुळे ती गळते आहे असं वाटतं. सकाळी पुन्हा थोडी हवा भरली की ठीक होते. थंडीत या गादीवर खालून गारठा लागतो, कारण आतली हवा अंगाची ऊब ओढून घेते. अशा वेळी वरून दोन पांघरुणं घेण्यापेक्षा एक जाड घोंगडी अंगाखाली अंथरा. तान्ह्या बाळाला हवेच्या गादीवर किंवा सोफ्यावर कधीही झोपवू नका. त्याला वेगळी, सपाट, टणक जागा हवी. बाळ पाठीवर झोपवावं आणि जवळ उशी किंवा सैल पांघरूण ठेवू नये.

गरम पाणी

सगळ्यांत जास्त चुकतो तो हाच हिशेब. २५ लिटरच्या गिझरमध्ये पाणी ६० अंशांपर्यंत तापलेलं असेल आणि नळाचं पाणी २० अंशांचं असेल, तर दोन्ही मिसळून अंगावर घेण्याजोगं, ४० अंशांचं पाणी साधारण ५० लिटर मिळतं. नळाचं पाणी १० अंशांचं असेल तर हेच ४२ लिटरवर येतं. शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी जातं, म्हणजे एकाच माणसाच्या पाच-सहा मिनिटांच्या आंघोळीत टाकी रिकामी. तेच पाणी १५ लिटरच्या बादलीने घेतलं तर तिघांना पुरतं. पुढची टाकी तापायला २ किलोवॅटच्या गिझरला ३५ मिनिटं लागतात.

आता वेळ बघा. बारा माणसं, प्रत्येकी बारा मिनिटं, न्हाणीघर एक: जवळजवळ अडीच तास. सकाळी नऊला चर्चला निघायचं असेल तर पहिल्या माणसाला सहाला उठवावं लागेल. म्हणून निम्म्या माणसांच्या आंघोळी आदल्या संध्याकाळी उरकाव्यात. मुलांच्या तर नक्कीच. उरलेल्या सहा जणांचे तीन-तीनचे दोन गट करून मधे टाकी तापायला वेळ ठेवा आणि वेळापत्रक दारावर चिकटवा. दात घासणं, दाढी, केस विंचरणं न्हाणीघराबाहेर हलवलं की प्रत्येकी चार-पाच मिनिटं वाचतात. त्यासाठी खोलीत एक आरसा, तांब्या आणि तसराळं ठेवलं तरी पुरतं.

गिझर, ओव्हन, विजेची किटली आणि हीटर एकाच वेळी चालू राहिले तर फ्यूज जाण्याची भीती असते. आंघोळी संपल्यावरच ओव्हन लावायचा असं ठरवून टाका. हीटर आणि किटली एका एक्स्टेन्शन बोर्डवर कधीही जोडू नका; त्याची वायर तापते.

संडासात जादा कागद, झाकणाची कचरापेटी आणि तुंबलेलं मोकळं करायचा रबरी पंप दिसेल असा ठेवा. पाहुण्यांना तो मागावा लागू नये. ओले वाइप्स पाण्यात विरघळत नाहीत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. ते कचरापेटीतच टाकायचे, अशी चिठ्ठी लावा. स्वयंपाकघरातही भाजलेल्या मांसाची चरबी मोरीत ओतू नका. पाइपात ती थिजते आणि मोरी नेमकी २५ तारखेच्या संध्याकाळी तुंबते. चरबी एका डब्यात गोठू द्या आणि कचऱ्यात टाका.

फ्रिज आणि ओव्हन

तीन दिवस, तीन वेळा, बारा माणसं म्हणजे १०८ ताटं. यातलं मोठं जेवण एकच ठेवा. बाकीच्या वेळी एका भांड्यात होणारे पदार्थ, सूप, भात, ब्रेड-अंडी. न्याहारीला सगळ्यांनी एकत्र बसायचा आग्रह नको. एका फळीवर ब्रेड, लोणी, जॅम, फळं, चहा-कॉफीचं सामान आणि कप मांडून ठेवा, ज्याने त्याने उठेल तेव्हा घ्यावं. पाहुणे पोहोचतात त्या रात्री कुणाला किती उशीर होईल सांगता येत नाही, म्हणून तेव्हा पुन्हा गरम करता येईल असाच पदार्थ हवा.

मोठ्या जेवणात दर मोठ्या माणसामागे कच्चं प्रमाण असं धरा: बिनहाडाचं मांस २०० ते २५० ग्रॅम, हाडांसकट ३५० ग्रॅम, अख्खा मोठा पक्षी असेल तर अर्धा किलो किंवा थोडा जास्त, बटाटे २०० ग्रॅम, सोबत बाकी पदार्थ असतील तर तांदूळ ७५ ग्रॅम. लहान मुलांना निम्मं. पदार्थांची संख्या वाढली की प्रत्येकाचं प्रमाण कमी करा. सात पदार्थ आणि सातही पूर्ण प्रमाणात, ही चूक फार घरांत होते आणि मग फ्रिजमध्ये जागा उरत नाही.

फ्रिज आठवडाभर आधी रिकामा करायला घ्या. पाणी आणि थंड पेयं त्यात ठेवू नका. सारखं दार उघडून आतलं तापमान वर जातं, आणि ते ५ अंशांच्या आत राहायला हवं. पेयांसाठी बाहेर एक टब आणि माणशी अर्धा किलो बर्फ.

गोठवलेला पक्षी फ्रिजमध्ये ठेवला तर दर दोन किलोंना बर्फ सुटायला एक दिवस लागतो. पाच किलोंचा असेल तर अडीच दिवस, म्हणजे २२ तारखेला सकाळीच तो फ्रीझरमधून काढून सर्वांत खालच्या फळीवर खोलगट ताटात ठेवा. खालीच का, तर त्याचं पाणी दुसऱ्या अन्नावर गळू नये. बर्फ सुटलेला पक्षी फ्रिजमध्ये आणखी एक दिवस नीट राहतो, त्यामुळे लवकर काढण्यात तोटा नाही. विसरलात तर पिशवी घट्ट बांधून थंड पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला. किलोला एक तास, कधी थोडा जास्त, लागतो, आणि मग तो लगेच शिजवावा लागतो. ओट्यावर रात्रभर ठेवणं धोक्याचं: आत बर्फ असतानाच बाहेरचं मांस खराब होऊ लागतं. कच्चं कोंबडीचं मांस नळाखाली धूतही बसू नका. शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात, ते मरतात फक्त शिजवल्यावर.

जेवणाची वेळ ठरवा आणि तिथून उलटं मोजत या. जेवण दुपारी २ वाजता. पाच किलोंचा, आत सारण न भरलेला पक्षी १६५ अंशांवर साधारण तीन तास घेतो. भाजल्यावर तो अर्धा तास तरी झाकून ठेवायचा, म्हणजे कापताना रस बाहेर येत नाही. म्हणून १:१५ ला बाहेर, १०:१५ ला आत, ९:५० ला ओव्हन चालू. साडेबारापासून थर्मामीटर मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, खुपसून बघा. ७४ अंश झाले की शिजला. वरच्या रंगावर जाऊ नका. आत सारण भरलं तर वेळ वाढतो आणि सारणालाही ७४ अंश गाठावे लागतात, त्यामुळे सारण वेगळ्या भांड्यात भाजणं बरं. पक्षी बाहेर काढला की ओव्हन २०० अंशांवर नेऊन बटाटे आणि भाज्या आत. बटाटे आधी अर्धवट उकडलेले असले तर ते ४० मिनिटांत होतात. घरचे सगळे नऊला चर्चला जाणार असतील तर ओव्हन लावायला मागे कोण थांबणार? ते आधी ठरवा, नाहीतर जेवण रात्रीवर न्या. २४ ला मध्यरात्रीच्या प्रार्थनेला जाणार असाल तर दुपारी मुलांना झोपवा आणि परतल्यावर खायला काहीतरी गरम तयार ठेवा.

सुकामेव्याचा केक आठवडे आधी करता येतो, मुरल्यावर तो अधिक चांगला लागतो. बिस्किटांचं मळलेलं पीठ फ्रीझरमध्ये टिकतं. भाज्या २४ ला चिरून ठेवा.

जेवणानंतर सगळे गप्पांत रमतात आणि अन्न टेबलावर तसंच राहतं. दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. मोठं गरम पातेलं तसंच आत ठेवलं तर मधलं अन्न कित्येक तास कोमट राहतं. पाच-सात सेंटिमीटर उंचीच्या पसरट डब्यांत काढून ठेवा. भाताबाबत विशेष जपा: तांदळातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

मुलं, झाड, मेणबत्त्या

खेळणी, वाजणारी शुभेच्छापत्रं आणि सजावटीचे छोटे दिवे यांत बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या असतात. मुलाने ती गिळली तर दोन तासांतही अन्ननलिका गंभीररीत्या भाजू शकते. उलटी करवायच्या भानगडीत न पडता थेट रुग्णालय गाठा. दुसरी गोष्ट आजी-आजोबांच्या हातपिशव्यांची. त्यांत गोळ्या असतात आणि पिशवी खुर्चीवर किंवा जमिनीवर असते. आल्याआल्याच ती उंच खुंटीवर टांगायला सांगा. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे-बदाम देऊ नका. द्राक्षं उभी चिरून द्या.

झाडाचं टोक भिंतीला दोरीने बांधा आणि खालच्या मीटरभर भागावर कापडाच्या, लाकडाच्या वस्तूच लावा. खरं झाड असेल तर त्याच्या तळाच्या भांड्यातलं पाणी रोज बघा, पहिल्या दिवशी ते बरंच पितं. सुकलेलं झाड भराभर पेटतं. मेणबत्तीच्या आसपास ३० सेंटिमीटरपर्यंत काहीही नको, आणि खोलीतला शेवटचा माणूस उठला की ती विझवायची.

भेटवस्तूंसाठी मोठ्यांनी चिठ्ठ्या टाकून एकेकानेच एकेकाला द्यावं. मुलांच्या भेटी मात्र आधी आपसांत सांगून ठेवा. दोन चुलत भावंडांत एकाला सायकल आणि दुसऱ्याला रंगपेटी मिळाली तर ते मूल दिवसभर कोमेजून जातं.

कामं वाटून द्या

“काही करू का?” असं प्रत्येक जण विचारतो आणि यजमान “नको, बसा” म्हणतात. मग संध्याकाळी घरातली सून एकटीच मोरीपाशी उभी असते. त्याऐवजी फ्रिजवर कामांची यादी लावा आणि समोर नावं लिहा: भांडी घासणं, पुसणं, कचरा बाहेर नेणं, बर्फ आणणं, मुलांना तासभर फिरवून आणणं. पुरुषांची नावं पुसण्यावर आणि कचऱ्यावर अडकवून ठेवू नका, घासण्यावरही लिहा. पेल्यांना रंगीत रबर लावून ज्याचा त्याला ठरवून दिला की दिवसाकाठी तीस-चाळीस पेले कमी विसळावे लागतात.

एक खोली दुपारी दोन तास शांत ठेवा. तिथे टीव्ही नाही, गप्पा नाहीत. म्हातारी माणसं, तान्ह्याची आई आणि गर्दीत गुदमरणारी मुलं तिथे पडतील. दर दोन-तीन तासांनी खिडक्या दहा मिनिटं उघडा, म्हणजे एकाची सर्दी सगळ्यांना वाटली जाणार नाही. दारू असेल तर गाडी कोण चालवणार हे पहिला पेला भरण्याआधी ठरलेलं हवं.

निघायच्या आदल्या रात्री उरलेलं अन्न डब्यांत भरून ठेवा आणि डब्यावर तारीख लिहा. फ्रिजमध्ये ते तीन-चार दिवस चालतं, पण लांबचा प्रवास असेल तर बर्फाशिवाय सोबत देऊ नका. सकाळी प्रत्येकाने आपापल्या चादरी काढून एका जागी टाकाव्यात. मग प्लगपाशी चार्जर, फ्रिजमध्ये औषधं आणि पलंगाखाली मुलांचे मोजे एकदा बघून घ्या. हमखास मागे राहतात ती हीच.