एचआयव्ही: पाचव्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट आणि नेहमीच्या इतर चुका

नागपुरातल्या एका एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे आम्ही ज्याला आयसीटीसी म्हणतो तिथे, मी सतरा वर्षे समुपदेशक म्हणून काम करते आहे. या काळात चाचण्या सुधारल्या, दिवसातून अनेकदा घ्याव्या लागणाऱ्या गोळ्यांच्या जागी बहुतेकांसाठी एकच गोळी आली, कायदाही झाला. माझ्या टेबलासमोर बसणाऱ्यांच्या चुका मात्र होत्या तशाच आहेत. आपल्याला कसे वाटते आहे यावरून संसर्ग आहे की नाही, आणि असल्यास तो कुठवर पोहोचला आहे, याचा अंदाज बांधायचा, हे त्यातल्या बहुतेकींचे मूळ. त्यामुळे समोरचा बसला की मी आधी त्याची तब्येत विचारत नाही. भिंतीवरचे कॅलेंडर काढून टेबलावर ठेवते आणि संबंध कोणत्या तारखेला आला ते विचारते.

सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक म्हणजे घाईने केलेली चाचणी. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात ट्रान्सपोर्टच्या धंद्यात हिशेब लिहिणारा पंचविशीतला एक मुलगा आला होता. असुरक्षित संबंधानंतर पाचव्याच दिवशी त्याने खासगी लॅबमध्ये तपासणी करून घेतली होती आणि तो निगेटिव्ह रिपोर्ट त्याने चक्क लॅमिनेट करून आणला होता. मी त्याला सांगितले की हा कागद फार तर त्या संबंधाच्या आधीच्या काळाबद्दल काही सांगतो. साधी रॅपिड चाचणी विषाणू शोधत नाही, ती विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते, आणि ती चाचणीत दिसण्याइतकी तयार व्हायला साधारण 23 ते 90 दिवस लागतात. चौथ्या पिढीची चाचणी विषाणूचा पी-24 हा प्रतिजनही, म्हणजे त्याच्या अंगचे एक प्रथिनही शोधते. शिरेतून घेतलेल्या रक्तावर ती प्रयोगशाळेत केली तरी 18 ते 45 दिवसांचा अवधी लागतोच. यालाच विंडो पीरियड म्हणतात. मी कॅलेंडरवर तीन महिन्यांनंतरच्या तारखेभोवती गोल काढून दाखवला, त्याने मान डोलावली आणि तो पुन्हा आला नाही.

पुढे जे घडले ते त्याच्याच तोंडून नंतर कळले. तिसऱ्या आठवड्यात त्याला ताप आला, घसा दुखू लागला, मानेत गाठी आल्या आणि अंगावर बारीक पुरळ उठले. नागपूरचा मे महिना, पारा 45 अंशांवर. घरच्यांनी ऊन लागले असे ठरवले, आईने खिशात कांदा ठेवायला दिला, कैरीचे पन्हे पाजले, आणि दहा-बारा दिवसांत तो खरोखरच बरा झाला. बरा होणारच होता, कारण संसर्गाचा पहिला, तीव्र टप्पा असाच असतो. संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांनी फ्लूसारखी लक्षणे येतात, काहींना तीही येत नाहीत, आणि औषध न घेताच ती ओसरतात. याच दिवसांत रक्तातील विषाणूंचे प्रमाण अतिशय वाढलेले असते, त्यामुळे दुसऱ्याला लागण होण्याचा धोका सर्वाधिक असतो. आणि नेमक्या याच दिवसांत प्रतिपिंडांची चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. दिवाळीनंतर त्याचे लग्न झाले. पुढच्या वर्षी बायकोच्या गरोदरपणातल्या पहिल्या तपासणीत तिची चाचणी पॉझिटिव्ह आली, तेव्हा तो तोच लॅमिनेट केलेला कागद घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. “मॅडम, मी तर निगेटिव्हच होतो ना जी.” त्याची बायको शेजारच्या खुर्चीत बसून त्या कागदावरची तारीख वाचत होती.

तिला लगेच उपचार सुरू झाले, प्रसूती रुग्णालयात झाली, बाळाला जन्मापासून प्रतिबंधक औषध दिले आणि अठराव्या महिन्यातली त्याची चाचणी निगेटिव्ह आली. काहीच उपाय न केल्यास आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका 15 ते 45 टक्के असतो. वेळेवर उपचार मिळाल्यास तो 5 टक्क्यांच्या खाली जातो. इथेही एक उतावीळ चूक होते. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, म्हणून तान्ह्या बाळाची साधी प्रतिपिंड चाचणी करून रडत येऊ नका. सहाव्या आठवड्यात बाळाच्या रक्ताच्या वाळवलेल्या ठिपक्यावरून थेट विषाणूची तपासणी होते, ती चुकवू नका.

दुसऱ्या टप्प्यावर मी फार बोलत नाही, कारण त्यात दिसण्यासारखे काही नसते आणि हीच खरी अडचण आहे. उपचार नसतील तर हा टप्पा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालू शकतो. माणूस धडधाकट दिसतो, कामाला जातो, आणि आतमध्ये सीडी-4, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होत जातात. निरोगी माणसात त्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये साधारण 500 ते 1500 असतात. 200 च्या खाली गेल्या किंवा विशिष्ट संधिसाधू आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती घटल्याची संधी साधून होणारे आजार झाले, की त्या तिसऱ्या टप्प्याला एड्स म्हणतात. एचआयव्ही आणि एड्स हे शब्द एकमेकांच्या जागी वापरणाऱ्यांनी हा फरक एकदा नीट समजून घ्यावा. मधल्या काळात शरीर काही खुणा देते, पण आपण त्यांवर भलतेच इलाज करतो. तरुण माणसाला नागीण झाली की गेरू लावून आणि मंत्र टाकून ती उतरवली जाते; ती उतरली तरी एक रक्ततपासणी करावी, एवढेच माझे म्हणणे आहे. महिनाभर न थांबणारे जुलाब, कारणाशिवाय घटणारे वजन आणि क्षयरोग यांच्या बाबतीतही तसेच. आपल्याकडे एचआयव्हीबाधितांना सर्वाधिक गाठणारा संधिसाधू आजार क्षयरोगच आहे.

ज्या चुकीवर माझा आवाज अजूनही चढतो ती म्हणजे बरे वाटू लागले म्हणून गोळ्या बंद करणे. साठीकडे झुकलेले एक काकाजी सीडी-4 नव्वदवर असताना आले होते. दीड वर्षात ते 480 पर्यंत गेले, वजन वाढले, शेतावर जाऊ लागले आणि मग कोणीतरी सांगितलेल्या चूर्णावर विसंबून त्यांनी सरकारी गोळ्या सोडल्या. आठ महिन्यांनी मुलाने त्यांना हाताला धरून आणले, तेव्हा आकडा साठ होता आणि मेंदूपर्यंत क्षयरोग पोहोचला होता. औषध विषाणूला दाबून ठेवते, नष्ट करत नाही. तो काही पेशींमध्ये दडून राहतो आणि गोळी थांबली की बहुतेकांत काही आठवड्यांतच पुन्हा वाढू लागतो. मधूनमधून गोळी घेणाऱ्यांत तर औषधाला न जुमानणारा विषाणू तयार होण्याची भीती असते. मी प्रत्येकाला डबी सोबत आणायला सांगते आणि उरलेल्या गोळ्या त्याच्यासमोर मोजते. तीस गोळ्यांच्या डबीत महिन्याच्या शेवटी सात शिल्लक असतील, तर “रोज घेतो मॅडम” हे वाक्य मला ऐकायचे नसते. रोज न चुकता गोळी घेऊन ज्यांच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडत नाही आणि जे त्याच स्थितीत राहतात, त्यांच्याकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, ही गोष्ट मी मुद्दाम नवराबायकोंना एकत्र बसवून सांगते.

पाचव्या दिवशी चाचणीला धावणारी माणसे पहिल्या तीन दिवसांत मात्र स्वस्थ बसतात, हेही आश्चर्यच आहे. वापरलेली सुई टोचली, कंडोम फाटला किंवा बळजबरी झाली, तर 72 तासांच्या आत, शक्यतो पहिल्या दोन तासांतच, प्रतिबंधक औषधाची पहिली मात्रा घ्यायची असते आणि ते औषध पूर्ण 28 दिवस चालवायचे असते. त्यासाठी सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका, रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात जा. जखम साबण-पाण्याने धुवा. ती पिळू नका, चोखू नका.

कंडोमबाबत थोडक्यात सांगते. तो पाकिटात किंवा नागपूरच्या उन्हात गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, एकावर एक दोन घालू नका, आणि खोबरेल तेल तर मुळीच लावू नका, कारण तेलाने लॅटेक्स कमजोर होते.

फुकटात तपासणी होईल म्हणून रक्तदान शिबिरात जाणाऱ्यांविषयी मला सौम्य भाषेत लिहिता येत नाही. विंडो पीरियडमधले रक्त तपासणीतून निसटले तर ते कोणत्यातरी आजारी माणसाला चढवले जाते.

डास, एकाच ताटातले जेवण आणि शेजाऱ्याची शिंक यांनी एचआयव्ही होत नाही.

शेवटची चूक खास आपल्या शहराची. ओळखीचे कोणी भेटेल म्हणून नागपूरची माणसे अमरावतीला नाव नोंदवतात, आणि पावसाळ्यात एक खेप चुकली की गोळ्या खंडित होतात. मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या दोन्ही सरकारी रुग्णालयांत एआरटी केंद्रे, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणारी केंद्रे आहेत आणि औषध मोफत मिळते. 2017 चा एचआयव्ही आणि एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि तुमची स्थिती उघडही करता येत नाही. प्रत्यक्ष जायचा धीर होत नसेल, तर 1097 हा एचआयव्हीविषयी माहिती देणारा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे. मेडिकलच्या त्या लांबलचक गर्दीत कोण कोणत्या खिडकीसमोर उभे आहे हे पाहायला कोणालाच सवड नसते, आणि ओळखीचे कोणी भेटलेच तर रक्तदाब दाखवायला आलो असे सांगा. माझ्याकडचे निम्मे लोक तेच सांगतात.