सीआयडी बघता बघता अभ्यास: घरी शिकणाऱ्या मुलांसाठी आमची पद्धत

आमचा मुलगा चौदा पूर्ण, दोन वर्षं झाली शाळेत जात नाही, घरीच शिकतो, एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त शाळा मंडळ) दहावी देणारे. सुरुवातीला मी घरातच शाळा मांडली होती, भिंतीवर टाइमटेबल, 9 ते 10 विज्ञान, 10 ते 11 गणित वगैरे, आणि तिसऱ्या आठवड्यात आमचं एकमेकांशी बोलणंच बंद झालं. मग एका दुपारी जेवताना तो सीआयडीचा जुना एपिसोड लावून बसलेला आणि मध्येच म्हणाला, आई हे शक्यच नाही, खिडकीच्या पडद्यावरून बोटाचा ठसा इतका स्वच्छ कसा काय मिळाला? म्हटलं मला काय माहीत, शोध की. तर तो खरंच शोधायला बसला, ताट तसंच, हात वाळलेला.

तेव्हापासून आमच्याकडे आठवड्याला एक एपिसोड हा अभ्यासाचा भाग आहे. आणि पहिलीच गोष्ट सांगते, सीआयडीचा उपयोग होतो तो त्यातल्या चुकांमुळे. मालिका अगदी बरोबर असती तर मुलगा नुसती बघत बसला असता. टीनएजर पोराला मोठ्यांची चूक काढायला मिळाली की त्याच्या अंगात जे बळ येतं ते कुठल्याच गाइडने येत नाही, तेच बळ वापरायचं.

ज्यांना माहीतच नाही (असं कोणी असेल असं वाटत नाही) त्यांच्यासाठी, सीआयडी सोनीवर जानेवारी 1998 ला सुरू झाली, 2018 ला थांबली, मग डिसेंबर 2024 ला परत आली. शिवाजी साटमांचे एसीपी प्रद्युम्न, दार तोडणारा दया, अभिजीत, आणि लॅबमधले डॉ. साळुंखे. दीड हजाराच्या वर एपिसोड आहेत, यूट्यूबवर ढिगाने सापडतात, त्यामुळे खर्च शून्य. फक्त आधी आपण एकट्याने पळवून पळवून बघून घ्यायचा. भुताखेतांचे आणि अंगावर येणारे वगळायचे, साधी चोरी, विषप्रयोग, खोटी सही असले निवडायचे.

बघायची रीत अशी. रिमोट मुलाच्या हातात. वहीच्या पानावर मधोमध रेघ, एका बाजूला "पटलं", दुसऱ्या बाजूला "फेकलं". काही खटकलं की पॉज करायचं, एक ओळ लिहायची, पुढे जायचं, तिथेच गुगल करायचं नाही कारण मग एपिसोड संपतच नाही. पाऊण तासाच्या एपिसोडला आम्हाला दीड तास लागतो. मग त्या यादीतला एकच मुद्दा आठवडाभरासाठी धरायचा, सगळे नाही. मी पहिल्या वेळी सगळे नऊ मुद्दे करायला घेतले आणि परत टाइमटेबलवर आलो.

सगळ्यात सोपी सुरुवात ठशांपासून. आमच्या सासूबाईंना बोटावरची चक्रं आणि शंख मोजायची सवय, दहा चक्रं असली की राजयोग म्हणे. तेच घ्यायचं. पेन्सिलचं टोक कागदावर खूप घासायचं, त्यावर बोट दाबायचं, मग बोटावर सेलोटेप लावून ती टेप पांढऱ्या कागदावर चिकटवायची. घरातल्या सगळ्यांचे दहाच्या दहा ठसे घ्या आणि मोजा. जगभरात साधारण साठ-पासष्ट टक्के ठसे शंखाचे असतात, तीस-पस्तीस टक्के चक्राचे, आणि कमानीसारखे फक्त पाचेक टक्के. पाच माणसांचे पन्नास ठसे झाले की टक्केवारी, पाय चार्ट, आणि नमुना लहान असला की आकडे का हलतात हा सगळा भाग आपोआप निघतो. नंतर काचेच्या ग्लासवर बोट लावून मेकअपच्या मऊ ब्रशने अगदी थोडी टाल्कम पावडर फिरवायची, खाली काळा कागद धरायचा. मग कापडावर करून बघायचं, काहीच येत नाही, पडद्याची केस तिथेच निकालात निघाली.

इथून इतिहासात जाता येतं, आणि तो आपल्याच देशातला आहे. 1858 साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला होता, आणि कलकत्त्यात 1897 ला फिंगरप्रिंट ब्युरो सुरू झाला. ठशांची वर्गवारी करायची जी पद्धत एडवर्ड हेन्रीच्या नावाने जगभर गेली तिचं गणित मांडण्याचं मोठं काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलिसांनी केलं होतं. माझा मुलगा यावर जाम चिडला, म्हणाला नाव साहेबाचं आणि गणित यांचं. वसाहतवादावरचा आमचा धडा त्या चिडण्यावरच झाला.

दुसरा हुकमी विषय म्हणजे मृत्यूची वेळ. डॉ. साळुंखे बॉडीकडे बघून झटकन वेळ सांगतात. खऱ्यात शरीर थंड कसं होत जातं त्यावरून अंदाज बांधतात, आणि हे आपण चहावर करू शकतो. प्रयोगशाळेचं 110 डिग्रीपर्यंतचं थर्मामीटर आणा, तापाचं अजिबात नको, फुटेल. समजा चहा 80 डिग्री, खोली 28, म्हणजे फरक 52. दहा मिनिटांनी चहा 60 झाला, फरक 32. आता मुलाला विचारा विसाव्या मिनिटाला किती असेल? तो म्हणणार 40, दर दहा मिनिटाला वीस कमी. पण फरक दर वेळी त्याच पटीत घटतो, 32 भागिले 52 म्हणजे साधारण 0.62, म्हणून पुढचा फरक वीसच्या आसपास आणि चहा 48 च्या जवळ. थर्मामीटर लावून बघायचं, साधारण तिथेच येतं, ढवळलं किंवा पंखा लावला तर चुकतं, मग का चुकलं ते लिहायचं. न्यूटनचा थंड होण्याचा नियम हाच. त्यानंतर एक प्रश्न टाकायचा आणि गप्प बसायचं: मे महिन्यात नागपूरला बंद खोलीत 44 डिग्री असेल तर 37 डिग्रीचं शरीर थंड कसं होणार? आमच्याकडे दोन दिवस या प्रश्नावर गेले. मग शरीर कडक होण्याचा मुद्दा आला, आपल्याकडच्या पुस्तकात ढोबळ हिशेब असतो की कडकपणा यायला बारा तास, राहायला बारा, जायला बारा, आणि उन्हाळ्यात हे सगळंच लवकर होतं. म्हणजे खरा डॉक्टर "या वेळेपासून त्या वेळेपर्यंत" असंच सांगणार, "रात्री 11 वाजून 20 मिनिटं" नाही.

रक्तगटाचा एपिसोड लागला तर सोडू नका. टीव्हीवर रक्तगट जुळला नाही की लगेच हा यांचा मुलगाच नाही. मुलाला आधी ए, बी, ओ चा तक्ता करायला लावा, कोणत्या आईवडिलांना कोणतं मूल होऊ शकतं. आईचा ओ, वडिलांचा ओ, मुलगा बी, तक्ता म्हणतो अशक्य. मग त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप सांगा, जो डॉ. वाय. एम. भेंडे यांनी 1952 साली मुंबईत शोधला. ए आणि बी ज्याच्यावर उभे राहतात तो एच नावाचा पायाच या लोकांच्या रक्तात नसतो, म्हणून साध्या तपासणीत ते ओ दिसतात पण आत बी चा जीन लपलेला असू शकतो आणि तो मुलाकडे जातो. आईचा गट असा असेल तर सगळं जुळतं. भारतात साधारण दहा हजारात एक माणूस या गटाचा, आणि त्याला साधं ओ रक्त चालत नाही, त्याच गटाचं लागतं. आनुवंशिकतेच्या धड्यात, मेंडेलच्या वाटाण्यात, अडीच महिने अडकलेला माझा मुलगा या एका कोड्याने मोकळा झाला.

खोटी सही किंवा बदललेला चेक असेल तर दोन कंपन्यांचे काळे स्केचपेन घ्या, फिल्टर पेपरच्या पट्टीवर खालून दोन सेंटीमीटरवर ठिपका, पट्टीचं टोक पाण्यात, ठिपका पाण्याच्या वर. काळ्यातून निळा, गुलाबी, पिवळा असे वेगवेगळे रंग चढतात, रंग किती चढला भागिले पाणी किती चढलं हा आकडा काढायचा. बॉलपेनची शाई पाण्यात हलत नाही, तिला सॅनिटायझर लागतं. अक्षर तपासायचं तर आपल्या लिपीत शिरोरेघ ही सोन्याची खाण आहे. कोण आधी रेघ मारतो, कोण शब्द लिहून झाल्यावर, कोण प्रत्येक अक्षराला वेगळी, कोण मारतच नाही (मी).

दयाचं दार राहिलंच. तेही भौतिकशास्त्र आहे, पण ते पाच मिनिटांचं: सामान मोजायचा हुकवाला काटा दाराला एकदा बिजागरीजवळ आणि एकदा कडीजवळ लावून ओढायचं, आकडे लिहायचे, टॉर्क म्हणजे फिरवणारा जोर, तो समजला. दार तोडून बघायचं नाही, आमच्याकडे विचार झाला होता.

आता माझा स्वतःचा आवडता भाग, पंचनामा. मालिकेत सगळं करतात, पंच बोलावून पंचनामा करताना मला तरी कोणी दिसलं नाही. आणि पंचनाम्याची मराठी ही एक वेगळीच भाषा आहे, इसम, मयत, फिर्यादी, सदर, मुद्देमाल, "मिळून आले". मी काय केलं, डब्यातले दोन बेसनलाडू कमी झाले होते त्याचा पंचनामा लिहायला सांगितला. वेळ, जागा, चारी दिशांना काय आहे, मोजमापं टेपने घेऊन, नकाशा, आणि स्वतःचा अंदाज एक शब्दसुद्धा घालायचा नाही, फक्त जे दिसलं ते. त्याने लिहिलं, "सदर डबा स्टीलचा असून त्याचे झाकण अर्धवट उघडे मिळून आले, डब्यालगत ओट्यावर पिवळसर चुरा दिसून आला." ज्या मुलाला निबंध म्हटलं की पोटात दुखायचं त्याने दीड पान लिहिलं. पंच म्हणून शेजारच्या काकू आणि आजोबा यांच्या सह्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की लाडू आजोबांनीच खाल्ले होते. मग पंच तटस्थ का हवा, साक्षीदाराचं हित गुंतलेलं असेल तर काय होतं, यावर जेवताना तासभर वाद. आजोबांचं म्हणणं होतं त्यांना कोणी विचारलंच नाही.

नागरिकशास्त्राला तर मालिका म्हणजे खजिना. संशयिताला कानफटात बसली की तो कबूल करतो आणि केस संपते. खऱ्यात पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, आधी हे 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 25 मध्ये होतं, आता 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. मुलाला विचारायचं हा नियम का केला असेल, उत्तर त्याला त्या थपडेतच सापडतं. अटकेनंतर चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं हे घटनेच्या कलम 22 मध्ये. नार्को टेस्ट जबरदस्तीने करता येत नाही हा सुप्रीम कोर्टाचा 2010 चा सेल्वी खटल्यातला निकाल. आणि शेवटी एसीपी साहेब फाशीची खात्री देतात, तर शिक्षा देणं पोलिसांचं कामच नाही, आणि 1980 च्या बचन सिंग निकालापासून फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ केसमध्येच. अजून एक गंमत, महाराष्ट्राच्या खऱ्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे, मुंबईतला रोजचा खून तिथलं पोलीस स्टेशन आणि क्राइम ब्रँच बघते. आणि खरी लॅब कलिन्याला, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा, तिथे एकच डॉक्टर विष, डीएनए आणि गोळी सगळं बघत नाही, प्रत्येकाचे वेगळे विभाग, आणि पोस्टमॉर्टेम तर हॉस्पिटलात होतं.

यातून पूर्ण दहावी होते का? नाही होत. बीजगणित, व्याकरण, भूगोलाचा बराच भाग पुस्तकातूनच करावा लागतो, कोणी सांगितलं मालिकेवर सगळं होतं तर ऐकू नका. मी एनआयओएसची अनुक्रमणिका शेजारी ठेवते आणि महिन्यातून एकदा टिक करते, काय झालं काय राहिलं. प्रयोगाच्या वहीत तारीख, साहित्य, आकडे, आणि फसलेले प्रयोगसुद्धा ठेवते. सरळ चाचणी मी घेत नाही, त्याऐवजी महिनाअखेरीला तो आजीआजोबांना एक एपिसोड "दुरुस्त करून" सांगतो, आणि आजी इतके आडवे प्रश्न विचारते की परीक्षा होऊन जाते.

कंटाळा येतो, साधारण तिसऱ्या महिन्यात. तेव्हा विज्ञान सोडून कॅमेऱ्याकडे वळायचं. सीआयडीचा 2004 चा एक एपिसोड 111 मिनिटांचा आहे आणि अख्खा एकाच शॉटमध्ये, एकही कट न घेता केलेला. तो बघायचा, मग मुलांना मोबाइलवर पाच मिनिटांची एक केस एकाच टेकमध्ये करायला सांगायची, स्क्रिप्ट मराठीत, कोण कुठून येणार त्याचा नकाशा कागदावर. आमची सहा वेळा झाली. पाच वेळा कोणीतरी हसलं, आणि सहाव्या वेळी चार मिनिटं सगळं सुरळीत जाऊन खुनी सापडायच्या नेमक्या क्षणी कुकरची शिट्टी झाली आणि आजोबा, जे मयत होते, उठून गॅस बंद करायला गेले.